त्झात्झिकी: तुमचे अनुभव सांगा

काल मंडईत शेपूची जुडी हातात घेतली आणि एकदम ग्रीसमधलं पिरेअस बंदर आठवलं. १९९८. नवरा ग्रीक मालकाच्या बोटीवर सेकंड इंजिनिअर आणि लग्न नवं, म्हणून मीही बोटीवर. बंदरातल्या एका टॅव्हर्नात पावाबरोबर पांढराशुभ्र गोळा आला. म्हटलं, चक्का! चाखला तर लसूण, काकडी, ऑलिव्ह तेल आणि चक्क शेपू. हीच ती त्झात्झिकी. आमच्याकडे शेपू म्हणजे मूगडाळ घालून भाजी, विषय संपला.

मालकीणबाईंनी आत नेऊन दाखवलं. भाषा दोघींनाही येत नव्हती, सगळा कारभार हातवाऱ्यांचा. किसलेली काकडी मीठ लावून ठेवली होती. मी मूठभर घेऊन पिळली. बाईंनी माझ्या मुठीवर स्वतःची मूठ आवळली, तेव्हा कोपरापर्यंत पाणी ओघळलं. ते पाणी राहिलं की तासाभरात त्झात्झिकीची कोशिंबीर होते.

काल केली. १ किलो दही रात्रभर फ्रीजमध्ये टांगून निम्म्यावर आलं. २ काकड्या, मिठात ठेचलेल्या २ लसूणपाकळ्या, २ चमचे तेल, चमचाभर व्हिनेगर, शेपू. नवऱ्याने चाखून एवढंच म्हटलं, "लसूण कमी."

लिहा तुम्हीही.

रानजाई: शेपू??? मी पास.

खडीसाखर: पाहुण्यांसाठी करून ठेवली होती. मी साडी बदलून येईपर्यंत सासूबाईंनी वर हिंग-मिरचीची फोडणी ओतलेली. "विसरली होतीस गं." भांडं पुसून खाल्लं सगळ्यांनी. कोणाला काही सांगितलं नाही.

बर्फातला_कोकणी: जर्मनीत ही डब्यात तयार मिळते, पण घरची ती घरची. आमच्या मजल्यावर एका बाजूला ग्रीक काका, दुसऱ्या बाजूला तुर्की काकू. काकूंची 'जाजिक' पातळ, त्यात पुदिना, उन्हाळ्यात बर्फाचे खडे. आपल्या मठ्ठ्याची मावसबहीण. दोघंही म्हणतात मूळ आमचंच. मी दोन्हीकडे मान डोलावून दोन्हीकडे जेवतो.

रानजाई: हुशार आहात 😂

तीन_शिट्ट्या: २ पाकळ्यांना कमी म्हणणाऱ्या दादांना नमस्कार. मी ८ घातल्या होत्या. केल्या केल्या छान लागली, दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर डोळ्यांत पाणी. कच्चा लसूण मुरतो तसा चढतो. मुलगा दोन दिवस लांबूनच बोलत होता.

भोपळी_मिरची: चक्का टांगायला पंचा कुठला घेता? माझ्याकडचा विरलाय.

खडीसाखर: जुनं मलमलचं धोतर. आजोबांचं. चक्का त्यातच.

भोपळी_मिरची: आमचे आजोबा पँटवाले होते 😞

मोगरा_इन_सायप्रस: इथे हिला तालातूरी म्हणतात आणि शेपूऐवजी पुदिना. रानजाई, तुम्ही इकडे या.

हिशेबनीस: माझी चूक कोणी करू नका. घाईत डेअरीतून 'चक्का' आणला, डबा उघडून थेट काकडी-लसूण मिसळलं. श्रीखंड होतं. वेलचीचं. बायको अजून त्याला ग्रीक श्रीखंड म्हणते.

तीन_शिट्ट्या: 🤣🤣 हे वाचताना दूध उतू गेलं माझं

धागाकर्ती: हिशेबनीस, हे नवऱ्याला वाचून दाखवलं, खोकला लागला त्याला. मोगरा, पुदिन्याची करून बघते. आणि काकडीचं पिळलेलं पाणी कोणी फेकू नका, थालीपिठाच्या भाजणीत घाला. खारट असतं, मीठ बेताने.

बर्फातला_कोकणी: थालीपीठ म्हणू नका हो. भाजणी संपून तीन महिने झाले. आई पाठवते म्हणाली होती.

मोगरा_इन_सायप्रस: माझीही संपत आलीय. कुरियरवाले पिठाला फार प्रश्न विचारतात.

खडीसाखर: थोडी थोडी भाजून मिक्सरवर दळा की. होते.

पाटावरची: अर्जंट!! धागा वाचून आत्ताच केली. काकडी कडू निघाली आणि ते सगळं मिसळल्यावर कळलं. टोक कापून घासलं होतं तरी. पाहुणे ७ वाजता येतायत. काय करू?

रानजाई: फोडणी घाल.