मदत हवी आहे: मुरघास तापलाय, उरलेल्या पिशव्या फोडू का?

कडबाकुट्टी: मुरघास, म्हणजे हवाबंद पिशव्यांत आंबवून मुरवलेला चारा, भरून ४५ दिवस झाले म्हणून आज पहिली पिशवी फोडली. वर वीतभर पांढरी बुरशी, खालचा माल तपकिरी आणि हाताला गरम. वास आंबट नाही, जळक्या गुळासारखा. कल्चर (चारा आंबवणारे जिवाणू) दुप्पट टाकलं होतं, तेव्हा ते कमी पडलेलं नाही. बाकीच्या पिशव्या आजच रिकाम्या करू का? लवकर सांगा.

गव्हाण: मुरघास कशाचा? कुट्टी, म्हणजे चाऱ्याचे तुकडे, केवढी? भरताना ओल किती? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

कडबाकुट्टी: मक्याचा. कुट्टी नेहमीची. ओल बरोबर होती.

आंबटशौकीन: दाण्यातली दुधाची रेषा (घट्ट झालेला भाग आणि दुधाळ भाग यांमधली सीमा) निम्म्यावर आली की मका कापायचा. त्याआधी कोवळा कापला की ओल ७५ टक्क्यांच्या वर जाते, तळाला पाणी सुटतं आणि खवट तुपासारखा वास मारतो. घाई केलीत.

कडबाकुट्टी: दाणा कुठून आणू? कणसं आधीच खुडलीत, नुसती ताटं आहेत.

गव्हाण: हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! खुडल्यावर किती दिवसांनी कुट्टी केली?

कडबाकुट्टी: बारा. पण खालची पेरं ओली होती.

गव्हाण: तिथेच चुकलं. पेरं ओली दिसतात, पण पानं आणि कणसांची टरफलं केव्हाच वाळलेली असतात. मुरघासाला ६० ते ७० टक्के ओल लागते. कोरडी ताटं पोकळ, दाबली तरी पुन्हा फुगतात, आत हवा राहते. त्या हवेवर यीस्ट आणि बुरशी साखर खाऊन माल तापवतात. जळक्या गुळाचा वास त्या उष्णतेचा. त्यात प्रथिनं साखरेला अशी चिकटतात की जनावराला पचत नाहीत. असा माल जनावरं आवडीने खातात, त्यावर जाऊ नका.

कल्चर दुप्पट टाकून उपयोग नाही. जिवाणूंना पाणी आणि साखर हवी. कणसं खुडलेल्या वाळक्या ताटात दोन्ही कमी. आणि क्लोरीनच्या पाण्यात कालवलं असेल तर बरेच तिथेच मेले असतील.

बाकीच्या पिशव्या फोडू नका. हात लावून बघा. गार असतील तर तशाच ठेवा, भोकं टेपने बंद करा. गरम असतील त्या आधी खाऊ घालून संपवा. बुरशीचा थर आणि त्याखालचा चारेक बोटं माल फेका. गाभण जनावरांना त्या पिशवीतलं काहीच नको.

रवंथ: एवढी कटकट कशाला? १०० किलोला ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी, २१ दिवस झाकून ठेवा. बुरशी फिरकत नाही.

गव्हाण: ते वाळलेल्या काडासाठी, आणि तो मुरघास नव्हे. मुरघास आम्लाने टिकतो, युरियाचा चारा अमोनियाने. एकात दुसरं घातलंत की सामू खाली येतच नाही.

रवंथ: मुरघासातही युरिया टाकतात, माहीत नसेल तर.

गव्हाण: टाकतात, अर्धा टक्का, तोही कणसासकट ओल्या मक्यात, प्रथिनं वाढवायला. ४ टक्के नव्हे. आणि गुळाबरोबर तर नकोच. साखर, अमोनिया आणि उष्णता एकत्र आली की ४-मिथाइल इमिडाझोल तयार होऊ शकतं. जनावरं बिथरून सैरावैरा धावतात, दुधातून वासरालाही बाधतं.

नुसता वाचक: अझोला (पाण्यावर वाढणारं, चारा म्हणून वापरतात ते नेचं) मुरवता येतो का?

आंबटशौकीन: अझोला म्हणजे ९० टक्क्यांच्या वर पाणीच. ताजा घाला. पण मी म्हणतो तसा निम्म्या रेषेवरचा मकाच...

कडबाकुट्टी: अहो, निम्मी ताटं अजून शेतात आहेत, त्यांचं काय करू?

गव्हाण: १०० ग्रॅम कुट्टी मायक्रोवेव्हमध्ये थोडी थोडी वाळवा, शेजारी पाण्याचा पेला ठेवा. वजन घटायचं थांबलं की आकडा सांगा.

कडबाकुट्टी: ५४ ग्रॅम उरली.

गव्हाण: म्हणजे १०० किलोत ५४ किलो कोरडा भाग. ६० टक्के ओल हवी, म्हणजे कोरडा भाग ४० टक्के: ५४ भागिले ०.४० म्हणजे १३५. दर १०० किलोला ३५ लिटर पाणी, त्यातच २-३ किलो गूळ. कुट्टी एक सेंटिमीटरची; 'नेहमीची' चालणार नाही. पाणी ढिगावर ओतू नका, कुट्टी पडतानाच झारीने फवारा, नाहीतर खाली चिखल आणि वर भुसा. वीतभर थर टाकून तुडवा. एका घनमीटरात ६०० किलो बसायला हवेत, म्हणून भरलेली पिशवी वजन करून बघा.

आंबटशौकीन: पाणी कशाला? तेवढाच हिरवा चारा मिसळा. त्यात २० टक्के कोरडा भाग धरला तर समसमान मिसळून ३७ होतो, साखरही मिळते.

गव्हाण: हे मात्र पाण्यापेक्षा बरं. हिरवा चारा आहे का?

कडबाकुट्टी: थोडा आहे. किती ते मोजलं नाही.

रवंथ: मग युरियाच.