किराणा विभागात काम करणारे आहेत का इथे कोणी?

तूरडाळ_ताई (पुणे): मोठ्या स्टोअरमध्ये किराणा सांभाळते. एक ते दहा तारीख म्हणजे नुसता वैताग. पगार झालेले, अख्खं घर ट्रॉली घेऊन हजर! सुट्या तांदळाच्या पेटीत पोरं कोपरापर्यंत हात घालतात, आई कौतुकाने बघते. बासमतीचं माप कोलममध्ये, कोलमचं साबुदाण्यात. रात्री निवडत कोण बसणार? आम्हीच. दूध सगळे मागून ओढतात, कारण जुन्या तारखेचं पुढे असतं (ते आम्हीच मुद्दाम लावतो, तो भाग वेगळा). आणि नको झालेलं पनीर थेट साबणाच्या रॅकवर! सकाळी सापडतं, टम्म फुगलेलं. हे एकवेळ चालवून घेईन, पण दिवसभरात टेकायला साधं स्टूल नाही. तुमच्याकडे काय?

जुना_कॅशियर: तेच. वर ऑफर संपली तरी रॅकवरची चिठ्ठी तशीच, मग बिलिंगला शिव्या मी खायच्या. चिठ्ठ्या त्याच रात्री काढत जा, कृपा होईल.

मिरजकर: ताई, दुकानातल्या कामगारांना बसायची सोय हवी, असा कायदा केरळात २०१८ मध्ये आणि तमिळनाडूत २०२१ मध्ये झाला. मॅनेजरला दाखवा.

तूरडाळ_ताई: दाखवलं. म्हणे, "बसलेला स्टाफ गिऱ्हाइकाला आळशी दिसतो." हे फिरत्या खुर्चीतून!

चहाबाज: पनीरचं पटलं. दूध मात्र मी मागचंच ओढणार, राग मानू नका.