मदत हवी आहे: फ्रेंच जांदार्मरीची शस्त्रं आणि गाड्या मराठीत कशा लिहू?

रामटेकडी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. काम अडलंय म्हणून.

मी पुण्यात फ्रेंच शिकवते. गेलं वर्षभर एक फ्रेंच-मराठी शब्दसूची करतेय. विषय आहे फ्रान्सचं जांदार्मरी नासियोनाल हे दल, त्यांची शस्त्रं आणि त्यांच्या गाड्या. हाच विषय का, तर पप्पांमुळे. पप्पा राज्य राखीव पोलीस दलात होते, गट क्रमांक २, रामटेकडी. आमचं लहानपण तिथल्याच क्वार्टर्समध्ये गेलं. २०२३ च्या १४ जुलैला पॅरिसच्या संचलनात आपल्या तिन्ही दलांची तुकडी होती, ती बघायला पप्पा टीव्हीपुढे बसले होते. घोडदळ आलं तसं त्यांनी विचारलं, "हे कोण गं?" मी म्हटलं, गार्द रेप्युब्लिकेन, जांदार्मरीचाच भाग. "म्हणजे कोण?" आणि तिथेच माझी गाडी अडली. पप्पांच्याच पेशातली गोष्ट त्यांना त्यांच्या भाषेत सांगता येईना, याचं मला फार वाईट वाटलं. त्या रात्री वही काढली.

आधी नावच बघा. ज्यां दार्म, शस्त्रधारी माणसं, यावरून जांदार्म. क्रांतीच्या काळात, १७९१ मध्ये, जुन्या मारेशोसे दलाला हे नाव मिळालं. ही माणसं कायद्याने सैनिक आहेत आणि काम करतात पोलिसांचं: खेड्यापाड्यांतली गस्त, तपास, हमरस्त्यांवरची वाहतूक. २००९ पासून दल गृहमंत्रालयाच्या हाताखाली आहे, तरी त्यांचं सैनिकपण सुटलेलं नाही. 'लष्करी पोलीस' म्हटलं की आपल्याला कॅम्पातले एमपी आठवतात. 'सशस्त्र पोलीस' म्हणजे पप्पा, आणि पप्पा सैनिक नव्हते. 'निमलष्करी' जवळचं आहे, पण त्यातला 'निम' इथे खोटा पडतो. सध्या मी 'जांदार्मरी' तसंच ठेवलंय. समाधान नाही.

पिस्तूल आणि काडतूस यांनी त्रास दिला नाही. हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलेत, म्हणजे फ्रेंच पिस्तोले आणि कार्तुश यांचे चुलतभाऊच. आज जांदार्मच्या कमरेला सिग सावर एसपी २०२२ असतं, ९ मिलीमीटरचं, मॅगझिनमध्ये १५ राऊंड. त्याआधी पामास होतं, म्हणजे परवाना घेऊन फ्रान्समध्येच बनवलेलं बेरेटा ९२. १९७४ मध्ये उभ्या राहिलेल्या जीआयजीएन या खास पथकाचं नाव मात्र मानुरां एमआर ७३ या रिव्हॉल्व्हरशी जोडलेलं आहे.

अडले ते एका भागापाशी. मागे ओढून ठेवायचा आणि मग पुढे आपटणारा जो तुकडा असतो, त्याला फ्रेंचमध्ये शियां म्हणतात, म्हणजे कुत्रा. मराठीत त्यालाच घोडा म्हणतात. मला हे इतकं आवडलं की दिवसभर भेटेल त्याला सांगत होते! पण हल्ली बातम्यांत 'घोडा दाबला' असं येतं, म्हणजे घोडा चापाच्या जागी जाऊन बसलाय. सूचीत काय लिहू?

दुसरी अडचण फामास रायफलीची. सँतेतिएनच्या शस्त्रकारखान्यात बनलेली, ५.५६ मिलीमीटर, मॅगझिन चापाच्या मागे. आकारावरून फ्रेंच सैनिक तिला क्लेरों म्हणतात, बिगूल. मॅगझिन मागे असलेल्या या रचनेला मराठी शब्द सापडला नाही. पप्पांना फोटो दाखवला, तर चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "लेटून फायर करताना मॅगझिन बदलायचं तर कोपर आडवं येणार." शब्द मिळाला नाही, पण त्या रायफलीबद्दल त्या दिवशी मला जे कळलं ते आधी वाचलेल्या चार लेखांत नव्हतं.

माझा खरा अडसर जमाव पांगवण्याच्या साधनांचा आहे. हे काम मुख्यतः जांदार्मरी मोबिल या शाखेचं, ती १९२१ ची. त्यांच्याकडे कूगार नावाची ५६ मिलीमीटरची गॅस गन असते. ती समोर रोखून मारायची नसते, ४५ अंशांत वर धरायची, म्हणजे नळकांडं कमान घेऊन जमिनीवर पडतं. हे मी वाचून दाखवत होते, तेवढ्यात पप्पांनी दारामागची लांब छत्री उचलली, मूठ काखेत दाबली, डावा हात पुढे धरला, टोक बरोबर त्या कोनात वर नेलं आणि म्हणाले, "आमचंबी हेच. तोंडावर मारला तर माणूस जातो." छत्री खाली ठेवली तरी डावा हात थोडा वेळ तसाच होता.

आता शब्द. वर्तमानपत्रात 'अश्रुधुराची नळकांडी', पप्पांच्या तोंडी 'शेल', फ्रेंचमध्ये ग्रनाद. मी ग्रेनेड लिहिलं तर वाचणाऱ्याला हातबॉम्ब वाटेल. आणि तिथे फरक महत्त्वाचा आहे, कारण काही ग्रेनेडमध्ये स्फोटक होतंच. ओएफ एफ१ या ग्रेनेडने २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये सिवांच्या धरणाविरोधातल्या आंदोलनात एका तरुणाचा जीव गेला आणि पुढच्याच महिन्यात त्यावर बंदी आली. जीएलआय-एफ४ मध्येही टीएनटी हे स्फोटक होतं, ते २०२० च्या जानेवारीत मागे घेतलं. या सगळ्यांना एकच 'नळकांडं' म्हणणं मला पटत नाही.

एलबीडी ४० या बंदुकीचंही तसंच. फ्रेंच नावाचा शब्दशः अर्थ 'बचावाच्या गोळ्या फेकणारं'. पिवळ्या जाकीटवाल्यांच्या २०१८-१९ च्या सरकारविरोधी आंदोलनात याच ४० मिलीमीटरच्या गोळ्यांनी लोकांचे डोळे गेले. मराठीत त्याला 'बचाव' हा शब्द लावायला माझा हात धजत नाही.

गाड्यांचे प्रश्न सोपे वाटले होते. व्हीबीआरजी ही बर्लिए कंपनीची निळी चिलखती गाडी, १९७४ पासूनची, पुढे अडथळे ढकलायला रुंद पातं. ८ डिसेंबर २०१८ ला ती पॅरिसच्या रस्त्यांवर उतरली तेव्हा चाळिशी उलटलेली होती. तिच्या जागी आता सोफ्राम कंपनीची सांतोर आली आहे, २०२१ मध्ये ९० गाड्यांची मागणी नोंदवली गेली. 'चिलखती गाडी' हा आपला शब्द उत्तम आहे. पण त्या पुढच्या पात्याला काय म्हणायचं? आणि कैद्यांना न्यायच्या गाडीला फ्रेंच लोक पानिए आ सालाद म्हणतात, पाला धुवून निथळायची परडी. याला तोलामोलाचं मराठीत काय?

शस्त्रांच्या किंवा बंदोबस्ताच्या कामात कुणी असाल, घरात कुणी असेल, तर कृपया सांगा. कोशातले शब्द माझ्याकडे आहेत. मला तोंडातले हवेत.

खडकीकर

ताई, मी दारूगोळा कारखान्यात, खडकीला, नोकरी केली. तुम्ही काडतूस त्रास दिला नाही म्हणता, पण तिथेच चूक होते. सगळे 'गोळी' लिहितात. गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक, जे उडून जातं. पूर्ण नग म्हणजे राऊंड किंवा काडतूस. मागे उरते ती पितळी केस. कारखान्यात आम्ही केसच म्हणायचो, पण पंचनाम्यात 'रिकामी पुंगळी' लिहितात आणि तो शब्द झकास आहे. तुमच्या फ्रेंचमध्ये त्याला वेगळा शब्द असेल तर पुंगळीच घाला.

घोड्याचं म्हणाल तर घोडा म्हणजे आपटणारा, चाप म्हणजे बोटाखालचा. 'घोडा दाबणे' हिंदीतून आलंय. सूची तुमची आहे, बरोबर तेच लिहा.

रामटेकडी

काका, खूप आभार. फ्रेंचमध्ये रिकाम्या केसला दुई म्हणतात, मी समोर 'आवरण' लिहून ठेवलं होतं. आत्ता खोडलं. पुंगळी.

दफ्तरखाना

नावाबद्दल. 'शिबंदी' का नाही? पेशवाईत मुलखाच्या बंदोबस्ताला, किल्ल्यांवर, ठाण्यांत, वसुलीच्या कामाला जी हत्यारबंद माणसं असत ती शिबंदी. लढाईवर जाणाऱ्या फौजेपेक्षा वेगळी, पण हातात हत्यार. सैनिक असून मुलकी काम करणारा माणूस यासाठी मराठीत याहून जवळचा शब्द मला सुचत नाही.

आणि गाड्यांत तुम्ही दोन सोडल्यात. जांदार्मरीची जुनी निळी रेनो एस्ताफेत, आणि सित्रोएनची मेहारी. एस्ताफेत म्हणजे निरोप घेऊन दौडणारा स्वार, आपला जासूद. मेहारी म्हणजे सहारातला वेगवान स्वारीचा उंट, आपली सांडणी. शनिवारवाड्यातून सांडणीस्वार सुटत होते त्या गावात बसून हे शब्द सूचीत नाहीत, हे बरं नाही.

रामटेकडी

सांडणी! मी वर्गात मेहारीचा अर्थ 'उंट' असा सांगून मोकळी व्हायचे. गाडीचं नाव नावच राहील, पण समोर अर्थ म्हणून जासूद आणि सांडणी दोन्ही घालते.

शिबंदीवर मात्र मन अडतंय. शिबंदी बरीचशी हंगामी असायची, वसुलीपुरती ठेवलेली. जांदार्म कायम नोकरीत आहे, त्याचं कुटुंब बराकीत राहतं, त्याची मुलं तिथेच वाढतात. आमच्यासारखीच. म्हणून तो शब्द टिपेत देईन, मथळ्याला नाही.

दफ्तरखाना

हंगामीचा मुद्दा मान्य. टिपेत तरी असू द्या.

मांजरी_बुद्रुक

माझा अर्थमूव्हिंगचा धंदा आहे. डोझरच्या पुढच्या भागाला आमचे ऑपरेटर 'ब्लेड' म्हणतात, जेसीबीच्या पुढच्याला 'बकेट'. पातं कुणी म्हणत नाही, ते पंख्याला आणि विळ्याला. ब्लेड लिहा, सगळ्यांना कळेल.

अभ्यासू

शासनाच्या परिभाषा कोशातले शब्द वापरले तर वाद उरणार नाही. ते प्रमाण आहेत.

रामटेकडी

कोश माझ्या टेबलावर उघडाच असतो, त्याच्याशिवाय हे काम झालंच नसतं. पण शिपाई ज्या शब्दावर हात हलवतो तो शब्द त्याच्या शेजारी यायला हवा, म्हणून हा सगळा खटाटोप. कोशातला एक, जवानाचा एक, असे दोन्ही देते.

बिनतारी

मी पोलीस खात्यात होतो, एवढंच सांगतो. कैद्यांच्या गाडीला लोक 'पिंजरा' म्हणतात. तुमच्या त्या परडीला पिंजरा चालेल, दोन्ही जाळीचेच.

अश्रुधुराचं. खात्यात आम्ही टीअर स्मोक म्हणायचो, गॅस नाही. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं जे युनिट ही शेल बनवतं, त्याचं नावही टीअर स्मोक युनिटच आहे. आतला सीएस हा पदार्थ मुळात घन आहे, त्याचे बारीक कण धुरासोबत पसरतात. म्हणून आपला 'अश्रुधूर' एकदम नेमका आहे, फ्रेंच-इंग्रजीतला 'गॅस' ढोबळ. यात भाषांतर करू नका, आपलंच ठेवा.

उडवायचं ते शेल, हाताने फेकायचं ते ग्रेनेड, हा आमच्याकडचा फरक. स्फोटकवाल्यांना सरळ 'स्फोटक ग्रेनेड' लिहा. लपवायचं कशाला?

एलबीडीला 'रबरी गोळ्यांची बंदूक' म्हणा. 'बचाव' नको, तुमचं बरोबर आहे.

रामटेकडी

साहेब, नमस्कार. तुमचा प्रतिसाद पप्पांना मोठ्याने वाचून दाखवला. ते फक्त म्हणाले, "खात्यातलाच माणूस आहे."

आत्तापर्यंत ठरलेलं: पुंगळी, घोडा आणि चाप वेगवेगळे, ब्लेड, पिंजरा, अश्रुधूर, शेल, स्फोटक ग्रेनेड, रबरी गोळ्यांची बंदूक. फामासच्या रचनेला पप्पांनी काल रात्री जेवताना शब्द दिला, 'मागमॅगझिनी'. हसू नका, मला तो पटलाय.

एकच शब्द उरला. जमावावर बळ वापरण्याआधी फ्रान्समध्ये अधिकाऱ्याने दोनदा मोठ्याने बजावून सांगायचं असतं, त्याला सोमासियों म्हणतात. आवाज पोचत नसेल तर लाल रॉकेट सोडतात. 'इशारा' फार हलका वाटतो, 'ताकीद' घरात पोराला देतो तशी. पप्पांना विचारलं, तर ते उभे राहिले आणि बंदोबस्तात भोंग्यावरून जे सांगायचे ते जसंच्या तसं म्हणाले: "हा जमाव बेकायदेशीर आहे. पांगा, नाहीतर बळाचा वापर करण्यात येईल." आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागली.

पण त्या सांगण्याला नाव काय, ते त्यांनाही आठवेना. बिनतारी साहेब, तुम्हाला माहीत असेल तर सांगाल का?

बिनतारी

स्टेशन डायरीत आम्ही लिहायचो, 'जमावास पांगण्याचा हुकूम दिला.' हुकूम हाच शब्द होता. पहिला हुकूम, दुसरा हुकूम, पुढे वेळ लिहायची.

रामटेकडी

पहिला हुकूम, दुसरा हुकूम. लिहिलं. पप्पा मान हलवतायत.