जुनी नऊवारी पैठणी, खणाची चोळी आणि काश्मिरी शाल: ड्रायक्लीन न करता घरी धुता येईल का?

काठपदर

कपाटातून तीन जुन्या वस्तू निघाल्यात. जाणकारांनी सांगावं.

१) नऊवारी पैठणी, जांभळी, साधारण ६० वर्षांपूर्वीची. पदर भरजरी, त्यात हिरवे-लाल पोपट. कुठे विरलेली नाही, पण घडीवर पिवळट रेषा आहेत, निऱ्यांच्या भागात तळहाताएवढा तेलाचा जुना डाग आहे आणि वास कुबट येतो. जरी थोडी काळवंडलीय.

२) खणाची चोळी, काठ लाल. आतून पांढरं सुती अस्तर. काखेत घामाचे कडक डाग.

३) मोतिया रंगाची लोकरीची शाल, कडेने कशिदा. एका कोपऱ्यात दोन बारीक भोकं.

लाँड्रीत विचारलं तर "तिन्ही ड्रायक्लीन, पण काही झालं तर जबाबदारी आमची नाही" असं उत्तर मिळालं. घरी धुवायचं तर रिठा वापरू की लोकरीचं लिक्विड? पाण्यात मीठ घातलं की रंग पक्का होतो म्हणतात ते खरं का? आणि जरी उजळायला काय करतात?

उभाआडवा

रेशीम दिसलं की ड्रायक्लीन, हा नियम कापडापेक्षा लाँड्रीच्या सोयीचा आहे. सोवळ्याचे रेशमी कद-मुकटे पिढ्यानपिढ्या घरच्याच पाण्यात निघाले. पाण्याने रेशीम मरत नाही. मरतं ते सोड्याने, घासण्याने, गरम पाण्याने आणि ओलं असताना स्वतःच्या वजनाने. भिजल्यावर रेशमाची ताकद १५ ते २० टक्क्यांनी उतरते. जुन्या कापडात मुळात ताकद कमी, त्यात नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड आणि वर जरीचा जड पदर. बादलीतून एका टोकाला धरून उचललीत तर फाटणार कुठे? पदर जिथे सुरू होतो तिथे.

ड्रायक्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी सॉल्व्हंट असतो, पर्क्लोरोएथिलीन किंवा पेट्रोलियमपासून काढलेलं एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन ऑइल). त्यात तेल-तूप विरघळतं. घामातलं मीठ, साखर, सांडलेलं सरबत विरघळत नाही, कारण ते पाण्यात विरघळणारे डाग. म्हणून ड्रायक्लीन करून आणलेल्या साडीवर वर्षभराने पिवळे ठिपके उमटतात. ते तिथेच होते, फक्त तेव्हा दिसत नव्हते. सॉल्व्हंट गाळून स्वच्छ न करता पुन्हा पुन्हा वापरला तर आधीच्या कपड्यांचा मळ तुमच्या साडीवर बसतो, फिके रंग करडे पडतात. थोडक्यात, तेलाच्या डागाला सॉल्व्हंट आणि घामाला पाणी. तुमच्या यादीत दोन्ही आहेत, म्हणून एकच उत्तर मिळणार नाही.

धुण्याआधी तीन चाचण्या करा.

रंग: पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा साध्या पाण्यात भिजवून पिळा, साडीच्या आतल्या भागावर ठेवा, वर काचेचा पेला ठेवून पाच मिनिटं थांबा. मग तेच धुण्याच्या द्रावणात भिजवलेल्या तुकड्याने करा. साध्या पाण्यात न उतरणारा रंग साबणात उतरतो, म्हणून दोन्ही हवंच. प्रत्येक रंगाची वेगळी चाचणी: अंग, काठ, पदरातला प्रत्येक पोपट.

जोर: घडीवरची पिवळी रेघ भिंगातून बघा. घडीपाशी उभे धागे तुटून फक्त आडवे उरले असतील किंवा बोटाने हलकं ताणल्यावर चरचर आवाज आला, तर पाणी विसरा.

जरी: पदराच्या दशीतला एक धागा काढून सुईच्या टोकाने खरवडा. सोन्याच्या मुलाम्याखाली पांढरं दिसलं तर चांदी, लालसर दिसलं तर तांबं. ज्योतीजवळ नेल्यावर आक्रसून गोळी झाली तर प्लास्टिकची जरी, पण त्या काळच्या पैठणीत ती सापडायची नाही.

तिन्हींत पास झाली तर पुढे. फॉल असेल तर आधी उसवा. नऊवारीला सहसा नसतो, पण सहावारीला हे विसरलं जातं. सुती फॉल आटतो आणि काठाला चुण्या पडतात, शिवाय फॉलचा कच्चा रंग साडीला लागतो.

रिठा घ्यायचा तर बिया काढून १०-१२ टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी स्टीलच्या पातेल्यात दहा मिनिटं उकळा (लोखंडी कढई नको), गार झाल्यावर दुहेरी मलमलमधून गाळा. चुरा राहिला तर तो साडीवर बसून तपकिरी ठिपके पडतात. हे लिटरभर द्रावण १५ लिटर कोमट पाण्यात, म्हणजे हाताला ना गार ना गरम लागेल इतपत. भांडं पसरट हवं, लहान मुलांचा प्लास्टिकचा टब उत्तम. तळाशी नायलॉनची मच्छरदाणीची जाळी अंथरा, साडी सैल घड्या घालून त्यावर ठेवा आणि तळव्याने फक्त खाली दाबा, सोडा, दाबा. आठ-दहा मिनिटं, जास्त नाही. घासायचं नाही, पिळायचं नाही. ओलं रेशीम घासलं की वरचे तंतू पिंजून पांढुरका पट्टा पडतो आणि तो काही केल्या जात नाही. उचलताना चारी कोपरे धरून जाळीसकट उचला. त्याच तापमानाच्या पाण्यात तीन-चार वेळा खळबळा, फेस संपेपर्यंत.

बोअरचं पाणी असेल तर शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. आरओ मशीनच्या वेस्ट पाइपमधलं मात्र नको, त्यात क्षार अजून जास्त असतात.

मग टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करून दाबा, कोरडा टॉवेल घेऊन पुन्हा एकदा. सावलीत, पंख्याखाली, आडवी वाळवा. दोरीवर टाकलीत तर घडीच्या जागीच नवी रेघ. किंचित दमट असताना उलट बाजूने, वर मलमल ठेवून, इस्त्री सिल्कच्या खुणेवर.

रंगारी

वरच्या प्रतिसादाला बरंचसं अनुमोदन, दोन दुरुस्त्या.

रिठा गडद रंगाला चांगला. मोतिया, पांढऱ्या, फिक्या गुलाबी कापडावर पिवळट झाक ठेवतो. शालीला तो नको. लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड घ्या, ईझीसारखं, पाच लिटरला एक छोटा चमचा पुरतो. कुठलंही लिक्विड घ्या, पण लेबल वाचा. एन्झाइम किंवा प्रोटिएज लिहिलं असेल तर ते प्रथिनाचा डाग खाण्यासाठी घातलेलं असतं, आणि रेशीम व लोकर दोन्ही प्रथिनंच आहेत. कपड्यांची नेहमीची पावडर तर नकोच, तिचा सामू (पीएच) १० च्या वर जातो. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये रेशीम अक्षरशः विरघळतं.

आता मीठ. मिठाने रंग पक्का होत नाही. सुती कापड रंगवताना रंग धाग्यात जावा म्हणून मीठ घालतात, तिथून ही समजूत आली असावी. एकदा कच्चा बसलेला रंग धुताना मीठ घालून अडत नाही. व्हिनेगरचं थोडं वेगळं आहे. रेशमावरचे बरेच रंग आम्लात धाग्याला जास्त धरून राहतात, म्हणून शेवटच्या पाण्यात पाच लिटरला एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घातलं तर गळती कमी होते, साबणाचा अंशही निघतो. कमी होते, थांबत नाही. आणि जरी तांब्याची असेल तर व्हिनेगर नकोच, हिरवट चढतं. चांदीला त्रास नाही.

तेलाच्या डागावर टाल्कम पावडर, मुलतानी माती वगैरे ताज्या डागाला ठीक. इतका जुना डाग आता तेल राहिलेला नसतो, हवेने घट्ट होऊन वार्निशसारखा धाग्याला चिकटलेला असतो. घरी तो निघेल असं धरून चालू नका. त्यात हळद असेल तर साबण लागताच लाल होईल, घाबरू नका, स्वच्छ पाण्याने परत पिवळा होतो. पण हळद उन्हाने उडते म्हणून साडी उन्हात टाकू नका, हळदीआधी जांभळा उडेल.

रफू

शालीबद्दल फारसं कुणी बोललं नाही. ती दोन भोकं कसरीची असणार. धुण्याआधी शाल पिशवीत घालून, हवा काढून, डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर बाहेरची वाफ शालीवर जमेल. पूर्ण दिवस तशीच राहू द्या, मग अंडी-अळ्या मऊ ब्रशने झटका, घराबाहेर.

भोकं धुण्याआधी भोवतीच्या टाक्यांनी धरून ठेवा, पाण्यात ती मोठी होतात. पक्का रफू धुऊन वाळल्यावर.

लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि हालचाल तिन्ही एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि शाल नमद्यासारखी जाड-आखूड होते. परत सैल होत नाही. म्हणून धुणं आणि खळबळणं एकाच तापमानाच्या पाण्यात, आणि नळाची धार थेट शालीवर नाही. धुण्याआधी कागदावर ठेवून पेन्सिलीने कडा आखून घ्या. वाळवताना त्याच मापावर हाताने सारखी करा. कशिद्यातला लाल आणि काळा धागा आधी तपासा, शालीचं अंग मोतिया असल्यामुळे एका धाग्याचा रंग सुटला तरी दिसेल.

काठपदर

सर्वांचे आभार. चाचण्या केल्या. पैठणी: जांभळा आणि काठ साध्या पाण्यात व द्रावणात दोन्हीकडे कोरे. पदरातला हिरवा साध्या पाण्यात ठीक, पण रिठ्याच्या पाण्यात तुकडा स्पष्ट हिरवट झाला. जरी खाली पांढरी. घडीवर धागे शाबूत. चोळीचा लाल साध्या पाण्यातच उतरतो. शालीचा कशिदा पक्का.

पदर बाहेर ठेवून बाकी पैठणी धुतली तर चालेल का?

उभाआडवा

नाही. अर्धी साडी ओली केलीत की पाणी कापडातून चढत जातं आणि जिथे वाळतं तिथे सगळा मळ नेऊन सोडतं. पदराच्या तोंडाशी तपकिरी रेघ उमटेल आणि ती घडीच्या रेषांपेक्षा वाईट दिसेल. डाग ओल्या फडक्याने टिपला तरी हेच, फक्त गोल.

हिरवा उतरतोय आणि त्याच्या बाजूला जरी आहे, म्हणजे ही साडी पाण्यात घालायची नाही. कुबट वास आणि धूळ कोरडीच काढा. कोरड्या हवेत (पावसाळा जाऊ द्या) सावलीतल्या खोलीत जुन्या धुतलेल्या चादरीवर पसरून दोन-तीन दिवस, अधूनमधून बाजू बदलत. मग जाळी वर ठेवून व्हॅक्यूम, सगळ्यात कमी ओढीवर, तोंड कापडाला न टेकवता, दोन्ही बाजूंनी.

तेलाच्या डागाला खरंच काही करायचं असेल तर ड्रायक्लीनर गाठावा लागेल, पण विचारून: सॉल्व्हंट ताजा किंवा गाळलेला आहे का, साडी एकटी घालणार का, डागावर वाफेची गन मारणार का (नको म्हणा, वाफ म्हणजे पाणीच), आणि रोल प्रेस करणार का (तेही नको, पोपटांची वीण चेपते). सॉल्व्हंटमध्येही पदराची चाचणी आधी करून मागा. माझं मत विचाराल तर डाग निऱ्यांत जातो, नेसल्यावर दिसत नाही, राहू द्या.

रंगारी

चोळी: लाल पाण्यातच उतरतोय आणि खाली पांढरं अस्तर, त्यामुळे अख्खी बुडवू नका. अस्तर उसवून वेगळं काढा, तसंही सुती अस्तर आटलं की खण ओढला जातो. घामाचं मीठ बहुतेक अस्तरातच असतं. अस्तर स्वतंत्र धुवा, ते पांढरं सुती आहे, ऑक्सिजन ब्लीच (सोडियम परकार्बोनेट) चालेल: लिटरला एक चमचा, कोमट पाण्यात तासभर, नंतर भरपूर पाणी. खणाचा काखेतला भाग कडक आहे म्हणजे तिथलं रेशीम किंवा सूत आधीच कुजलेलं असू शकतं. ते कोरडंच ठेवा आणि परत शिवताना आतून बारीक मलमलचा आधार द्या. काखेत उडालेला रंग कुठल्याही धुण्याने परत येणार नाही.

रफू

जरीचं राहिलं. काळेपणा म्हणजे चांदीवर चढलेला सल्फाइडचा थर. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा, ॲल्युमिनियम फॉइल हे सगळे उपाय भांड्यांसाठी. जरीवर सोन्याचा मुलामा इतका पातळ की घासताना काळ्याबरोबर तोच निघतो, आणि आतल्या धाग्यात गेलेला सोडा बाहेर येत नाही. तशीच राहू द्या.

पुढे काळवंडू नये असं वाटत असेल तर ती शाल पैठणीच्या कपाटात ठेवू नका. लोकरीतून गंधकाचे अंश सुटतात आणि चांदी तेवढ्यानेही काळी पडते. रबर बँड, वर्तमानपत्र, अत्तर यांचंही तेच. खळ न केलेल्या, धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा, खळ असली की कसर येते. डांबरगोळ्या टाकायच्याच तर पुरचुंडीत आणि कापडाला न लागता. घडी तीन-चार महिन्यांनी बदला, किंवा जाड पुठ्ठ्याच्या नळीवर मलमल चढवून तिच्यावर गुंडाळा, पदर सगळ्यात बाहेर. कापडाच्या दुकानात अशा नळ्या मागितल्या तर फुकट मिळतात.