असेंडिंग कोलनमध्ये (मोठ्या आतड्याचा उजवा, चढता भाग) ३ सेंमीची पिवळी गाठ, बायोप्सी नॉर्मल: पुढे काय?

सिन्नर_जीपी
५८ वर्षांच्या बाई. नाशिकला कोलोनोस्कोपी झाली: असेंडिंग कोलनमध्ये गुळगुळीत, पिवळसर गाठ, वरचं अस्तर शाबूत. बायोप्सीत 'नॉर्मल म्युकोसा' (अस्तर). अधूनमधून उजवीकडे कळ येते, हिमोग्लोबिन ९.२. पुन्हा बायोप्सी, सीटी की थेट सर्जन?

एंडो_गंगापूररोड
सर, त्या रिपोर्टवरून गाठ साधी आहे असं घरच्यांना सांगू नका. चिमट्यात फक्त वरचं अस्तर आलंय, गाठ त्याखाली सबम्युकोसात आहे. वर्णन लायपोमाचं, म्हणजे चरबीच्या गाठीचं, वाटतं. व्हिडिओ मागवून बघा: बंद फोर्सेपने दाबल्यावर उशीसारखा खड्डा पडून परत भरतो का? अस्तर धरून उचललं तर तंबूसारखं सुटं उठतं का? दोन्ही दिसलं तर पुन्हा बायोप्सी नको. एकाच जागी खोलखोल चिमटे घेतले की चरबी बाहेर डोकावते खरी, पण तिथे वण धरतो आणि पुढे गाठ सोडवताना तोच नडतो. गाठ कडक असेल, दबत नसेल, तर लायपोमा धरून चालू नका, एंडोसोनोग्राफी (दुर्बिणीच्या टोकावरून आतून सोनोग्राफी) करा.

आणि हिमोग्लोबिन या गाठीच्या माथी मारू नका. शेंड्यावर व्रण नसताना लायपोमातून सहसा रक्त जात नाही. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि वरची एंडोस्कोपी करून घ्या.

रेडिओ_द्वारका
सीटी कराच. फॉर्मवर नुसतं 'पोटदुखी' नको, 'गाठीचे एचयू (सीटीवरचं घनतेचं माप) मोजा' असं लिहा. उणे ४० ते उणे १२० आणि गाठ एकसारखी असेल तर निदान जवळपास पक्कं. जाड स्लाइसमध्ये शेजारची हवा मिसळून चरबी नसलेली गाठही चरबीसारखी भासते, म्हणून पातळ स्लाइसवर, गाठीच्या मधोमध छोटं वर्तुळ ठेवून मोजायचं. कळ असतानाच सीटी झाला तर उत्तम. इंटससेप्शन (आतड्याचा भाग पुढच्या आतड्यात शिरणं) येतं-जातं, कळ थांबल्यावर फिल्म स्वच्छ दिसू शकते.

सर्जन_नाशिकरोड
स्नेअरने (करंट सोडलेल्या तारेच्या फासाने) सरळ कापायची घाई नको. चरबीत पाणी कमी, करंट नीट वाहत नाही. मग जास्त वेळ दाबून धरावं लागतं, उष्णता भिंतीत उतरते, आणि उजव्या कोलनची भिंत पातळ. शिवाय ओढल्या गेलेल्या गाठीच्या देठात कधीकधी स्नायूचा थरही आलेला असतो. तो कापला की भोक.

देठ असेल तर मुळाशी एंडोलूप (दुर्बिणीतून टाकायचा फास) आवळून वरचं अस्तर चिरायचं आणि उघड्या चरबीचा तुकडा पॅथॉलॉजीला द्यायचा. नाहीतर गाठ काही दिवसांनी गळून संडासातून जाते, तपासायला काही उरत नाही. इंटससेप्शन दिसलं किंवा कॅन्सरची शंका राहिली तर लॅप्रोस्कोपिक रिसेक्शन, म्हणजे दुर्बिणीतून आतड्याचा तो भागच काढायचा. मोठ्या माणसात इंटससेप्शन मुलांसारखं हवेने सोडवत बसायचं नाही.

महात्मा फुले योजनेतून करायचं तर भरतीआधी आरोग्यमित्राला कागद दाखवा, पूर्वमंजुरी लागते. पण कळ थांबेना, उलट्या किंवा लालसर शेंबडासारखी संडास सुरू झाली, तर सिन्नरला सलाइनवर ठेवू नका, रात्रीच नाशिकला पाठवा.