वीस मुलांचा मेंटॉर म्हणून नेमकं काय करायचं?

ऐरोली_लेक्चरर
नवी मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजात सेकंड इयरची वीस मुलं मेंटॉर म्हणून माझ्याकडे दिली आहेत. त्यातली सहा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. हातात एक छापील डायरी आहे: नाव, पत्ता, पालकांचा नंबर, सही. भेटीत विचारायचं काय आणि वेळ किती द्यायचा? नुसत्या सह्या गोळा करायच्या नाहीत, मुलांना खरंच उपयोग व्हायला हवा.

टीजी_ठाणे
पहिली भेट एकेकट्याची घ्या, पंधरा-वीस मिनिटांची, आणि दोन आठवड्यांत सगळी वीस संपवा. स्टाफरूममध्ये नको. शेजारच्या टेबलावर दुसरे सर बसलेले असताना मूल तोंड उघडत नाही. रिकामी ट्युटोरियल रूम घ्या, दार उघडं ठेवा.

"काही प्रॉब्लेम आहे का?" विचारलंत की "नाही मॅडम" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा साधं विचारा: घरून किती वाजता निघतोस, कुठली गाडी पकडतोस, बारावीपर्यंत माध्यम कुठलं होतं, कुठल्या विषयात केटी (नापास होऊन राहिलेला पेपर) आहे, संध्याकाळी काम करतोस का, फी कशी भरली, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर (सरकारी पोर्टलवर) कुठे अडकलाय. या उत्तरांतून बरंच कळतं. बदलापूर-कर्जतकडचा मुलगा ठाण्याला उतरून नवी मुंबईची ट्रान्सहार्बर लोकल पकडतो. आधीची गाडी दहा मिनिटं लेट झाली की पहिलं लेक्चर गेलंच. आठवड्यात तीनदा पहिल्या तासाला एकच विषय असेल तर बाकी हजेरी चांगली असूनही त्या विषयात तो हजेरीच्या ७५ टक्क्यांच्या अटीखाली येतो. हे दुखणं टाइमटेबलचं आहे, शिस्तीचं नाही. एचओडींकडे (विभागप्रमुखांकडे) ते आत्ताच न्या, कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर नेऊन काही हलत नाही. मुलालाही हिशेब मांडून दाखवा: ४० लेक्चर असतील तर १० चुकवता येतात. पहिल्या महिन्यातच ८ गेली असतील तर हातात उरली २.

त्यानंतर चौथ्या आठवड्यात हजेरी बघायची, पहिल्या टेस्टनंतर मार्क, आणि परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी केटी व टर्मवर्क (सेमिस्टरभराच्या असाइनमेंट-प्रॅक्टिकलचं काम). घोळ बहुतेक फॉर्मच्या वेळी होतो. मुलं चालू सेमिस्टरचा फॉर्म भरतात आणि केटीचा राहून जातो. आणखी एक: एटीकेटीचे (राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाण्याचे) नियम स्कीमप्रमाणे, म्हणजे अभ्यासक्रमाच्या आवृत्तीप्रमाणे, बदलतात. आपल्या वेळचा नियम तोंडी सांगू नका, त्या बॅचचं सर्क्युलर उघडून दोघांनी मिळून वाचा.

एमथ्री_शिकवणारा
वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण डिप्लोमावाल्या सहा जणांना आधी भेटा. कॅप राउंड (प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या) लांबले की ही मुलं वर्गात उशिरा येतात, तोवर एम-थ्रीत (तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितात) लाप्लास ट्रान्सफॉर्म सुरू झालेलं असतं. मग सगळ्यांना वाटतं की मेहनत कमी पडते. खरं अडतं ते खालच्या पायरीवर. इन्व्हर्स लाप्लासला पार्शल फ्रॅक्शन लागतात, फूरियर सिरीजला इंटिग्रेशन बाय पार्ट्स.

भेटीत एक कोरा कागद पुढे ठेवा आणि 'एक्स साइन एनएक्स'चं इंटिग्रेशन करायला सांगा. शेवटी चिन्ह चुकलं तर सराव कमी आहे, आठवडाभरात सुटेल. पेनच उचललं जात नसेल तर पाया नाही. अशा मुलाला 'जोर लावून अभ्यास कर' सांगून काही होत नाही. गणिताच्या शिक्षकांकडे पाया भरून काढणारा चार-पाच तासांचा ब्रिज क्लास मागा. शिकवणी स्वतः घेऊ नका. एकदा मेंटॉरचा तास गणिताचा झाला की फीचं, घरचं, बाकी सगळं बोलणं बंद पडतं.

ऐरोली_लेक्चरर
खूप आभार. पालकांना फोन कधी करायचा? आणि बोलता बोलता कोणी रडायला लागलं तर?

समुपदेशक_नेरूळ
मुलं अठराच्या पुढची आहेत, तेव्हा आधी त्यांना सांगा: "मी तुझ्या घरी फोन करणार आहे, काय सांगू आणि काय नको ते आपण ठरवू." मुलाला न विचारता केलेला फोन म्हणजे त्याच्याशी झालेला शेवटचा मोकळा संवाद, असं धरून चाला. अपवाद एकच, जिवाला धोका असेल तर.

कोणी रडलं तर रडू द्या. लगेच उपदेश नको, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन तर मुळीच नको. जगणं नकोसं झाल्यासारखं बोलणं वाटलं तर सरळ शब्दांत विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नका. समुपदेशकाचा नंबर हातात देऊन पाठवू नका, स्वतः सोबत जा. कॉलेजात त्या वेळी कोणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. लैंगिक छळाची गोष्ट निघाली तर चौकशी तुम्ही करायची नाही, ती अंतर्गत तक्रार समितीची. लेखी तक्रारीला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, तेवढं मात्र त्याच दिवशी सांगा.

आणि ती छापील डायरी नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) कमिटीपुढे उघडते हे विसरू नका. तिच्यात फक्त "वैयक्तिक चर्चा, समुपदेशकाकडे पाठवले" एवढंच लिहा आणि पुढच्या भेटीची तारीख टाका, आठवड्याच्या आतली.