विषय: मुलाला कॉलेज फुटबॉलचा कोच व्हायचंय

नमस्कार मंडळी,
आमचे चिरंजीव मे महिन्यात अर्थशास्त्र घेऊन पदवीधर होतायत. नोकरीचं बघायचं सोडून म्हणतोय, छोट्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा असिस्टंट कोच होणार. डिव्हिजन थ्री, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांची तिसरी श्रेणी! तिथे खेळाडूंना खेळाची स्कॉलरशिपसुद्धा नसते, मग कोचच्या हातात काय पडणार? सासऱ्यांना फोनवर काय सांगू? कुणाला यातलं कळतं का?
– मेधा

मेधाताई,
लांब कशाला जाता, आपल्या मिनेसोटातलेच जॉन गलार्डी बघा. कॉलेजव्हिलचं सेंट जॉन्स, बेनेडिक्टाइन मठाच्या आवारातलं. तिथे 1953 ते 2012, तब्बल 60 हंगाम कोच. आधीची चार वर्षं मोंटानात धरून एकूण 489 विजय. कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे दुसऱ्या कुणाचे नाहीत. 2003 साली बेथेल कॉलेजला 29-26 हरवून दुसरे कोच एडी रॉबिन्सन यांचा 408 विजयांचा विक्रम मोडला. त्याच हंगामात डिव्हिजन थ्रीच्या अंतिम सामन्यात माउंट युनियन कॉलेजची सलग 55 विजयांची घोडदौड 24-6 अशी थांबवली.

आणि पद्धत काय, तर सरावात टॅकल (समोरच्याला धरून पाडणं) नाही, शिट्टी नाही, ‘कोच’ म्हणायचं नाही, नुसतं ‘जॉन’. (आमच्या पीटीच्या मास्तरांना असं हाक मारून बघायला हवं होतं.) डास फार झाले की सराव बंद. एका ‘व्यायामात’ तर पोरांनी गवतावर आडवं व्हायचं आणि शेजाऱ्याला सांगायचं, काय मस्त दिवस आहे! याचं मूळ 1943 मध्ये. शाळेचे कोच युद्धावर गेले, टीम मोडायची वेळ आली, तेव्हा सोळा वर्षांच्या जॉननेच ती चालवायला घेतली. खेळाडू म्हणून ज्या ज्या गोष्टींनी जीव नकोसा व्हायचा, त्या त्याने काढून टाकल्या.
– श्रीकांत

श्रीकांत, उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस रे. एक माणूस 60 वर्षं खुर्चीवर बसला, म्हणजे तेवढी वर्षं ती खुर्ची बाकी कुणालाच मिळाली नाही, हेही सांग की! त्यांच्यानंतर आलेले गॅरी फॅशिंग तिथलेच माजी खेळाडू, आणि कोच होण्याआधी कितीतरी वर्षं गलार्डींचे असिस्टंट.

मेधाताई, असिस्टंटचं अर्धं काम मैदानाबाहेर असतं. स्कॉलरशिप नाही, म्हणजे टीममध्ये हव्या असलेल्या पोराला पटवायचंच, शिवाय फी भरणाऱ्या आईबापांनाही. फोनवर फोन, शाळा-शाळांच्या चकरा. हेड कोच बदलला की नवा माणूस आपली माणसं घेऊन येतो आणि जुन्यांची उचलबांगडी होते. पगाराचं तर विचारूच नका.

पण मुलाला खरंच ओढ असेल तर अडवू नका. काही ठिकाणी अशा कामाबरोबर मास्टर्सची फी माफ होते. ते आधी विचारायला सांगा, आणि आरोग्य विम्याचंही. दोन्हींना नकार आला तर दुसरं कॉलेज बघायचं.
– विनय